वीज कुणाच्या वेळेने?

गव्हाला पाणी द्यायचं असलं की माझे काका दिवस मावळायच्या आत जेवून घेत आणि बॅटरी उशाशी ठेवून आडवे होत. 'लाईट' मध्यरात्री कधीतरी यायची. मोटर सुरू झाली की माघाच्या थंडीत अनवाणी पायांनी चिखलात उभं राहायचं, एका वाफ्याचं दार बांधायचं, दुसऱ्याचं फोडायचं. विंचवाकाट्याची भीती होतीच. काकू घरात जागी असे. पहाटे काकांनी अंगणात पाय धुतल्याचा आवाज आला, की मग ती डोळा लावी.

मी लहान होतो. रात्री दारं धरणं हा शेतीचाच नियम असावा, असं मला वाटे. पेरणीला पाऊस लागतो तसा पाण्याला अंधार लागत असावा. हा नियम पिकाचा नाही, विजेच्या वेळापत्रकाचा आहे, हे कळायला बरीच वर्षं गेली. आणि वेळापत्रक माणसांनी केलेलं असतं, म्हणजे ते बदलताही येतं, हे कळायला त्याहून जास्त.

शेतीला वीज रात्रीच का मिळे? कोळशावर चालणारं वीजकेंद्र चुलीसारखं रोज रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. रात्री कार्यालयं बंद होतात, शहरं झोपतात, मागणी उतरते. केंद्रं मात्र चालू ठेवावी लागतात. ही उरलेली वीज शेतीकडे वळवणं व्यवस्थेच्या सोयीचं होतं. पुढे वेळापत्रक असं बसलं की थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास. रात्रीचे दोन तास जास्त का, याचं उत्तर त्या उरलेपणात आहे. जिचा दाम कमी, ती वेळ शेतकऱ्याची.

दामाचीही एक गोष्ट आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात शेतीपंपांना अश्वशक्तीनुसार ठोक दर लागू झाला. रानोमाळ विखुरलेले मीटर वाचत फिरण्यापेक्षा तीनचा पंप, पाचचा पंप असा हिशेब सोपा होता. पण मीटर गेला तशी मोजणीही गेली. शेतीने वापरलेली वीज किती आणि वाटेत गळालेली किती, हे छातीठोकपणे सांगता येईना. शेतकऱ्याला स्वस्त वीज मिळाली, पण तिच्यासोबत तक्रार करण्याचा हक्क आला नाही. सवलतीत मिळणाऱ्या गोष्टीबद्दल वेळेचा हट्ट कसा धरायचा, अशी एक अबोल समजूत तयार झाली. पुढे भारनियमनाच्या वर्षांत गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळ्या करण्याचं काम सुरू झालं. गावातला दिवा चालू ठेवून शेताची वीज बंद करता यावी, ही त्यामागची सोय. हीच वेगळी वाहिनी पुढे दिवसाच्या विजेचा पाया ठरणार होती.

नवीकरणीय ऊर्जेकडे आपण आजच वळतो आहोत असं बोललं जातं, पण महाराष्ट्राला ती नवी नाही. सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसापासून खोपोलीत वीज तयार होऊ लागली, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. त्याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या एप्रिलमध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही ओळख दिली. धरण झालंच, १९२७ पासून भिऱ्याला वीजही तयार होऊ लागली. ती धूर न करणारी वीज होती. पण ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली, ना त्यांना विचारून ती वीज घेतली होती, ना ती त्यांच्यासाठी होती. पुढे कोयनेनेही तोच प्रश्न विचारला आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राला प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करावा लागला.

मुळशीने शिकवलेली गोष्ट मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटते. ऊर्जेचा स्रोत किती स्वच्छ आहे हा एक हिशेब, आणि तिची व्यवस्था किती न्याय्य आहे हा दुसरा. पहिला हिशेब निसर्ग जमवून देतो, दुसरा धोरणाने जमवावा लागतो.

सूर्याकडे सरकारचं लक्ष गेलं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९८२ मध्ये केंद्रात स्वतंत्र विभाग झाला, १९९२ मध्ये मंत्रालय. त्याचं नाव होतं 'अपारंपरिक' ऊर्जेचं. सौरचूल, सौरकंदील, गोबरगॅस ही त्याची ओळख. पंगतीत मुख्य अन्न कोळसा आणि ही डाव्या बाजूची चटणी, असाच भाव त्या नावात होता. २००६ मध्ये मंत्रालयाचं नाव बदलून 'नवीन आणि नवीकरणीय' झालं. त्याआधी २००३ च्या वीज कायद्याने राज्यांच्या नियामक आयोगांवर जबाबदारी टाकली होती, की एकूण विजेचा ठरावीक वाटा अशा स्रोतांतून घेतला जाईल हे पाहावं. जे ऐच्छिक होतं, ते बंधनाच्या भाषेत आलं.

मग दर कोसळले. राष्ट्रीय सौर मिशन जानेवारी २०१० मध्ये सुरू झालं. त्या वर्षअखेरच्या पहिल्या लिलावात सौरविजेचा सरासरी दर युनिटला सुमारे १२ रुपये निघाला. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या प्रकल्पासाठी तो २ रुपये ४४ पैशांवर आला. ही स्वस्ताई आपोआप आलेली नाही. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौरविजेला वीस वर्षांच्या हमीदराचा आधार दिला, त्यातून मागणी वाढली, चीनने प्रचंड प्रमाणावर कारखाने उभे केले, आणि इथे सरकारांनी दीर्घ मुदतीच्या खरेदीची हमी दिली. जर्मन वीजग्राहकांनी वर्षानुवर्षं भरलेल्या जादा बिलांचा फायदा आज मराठवाड्यातल्या शेतापर्यंत पोहोचतो आहे. बाजाराने दर पाडले हे खरंच, पण तो बाजार धोरणाने उभा केला होता.

इथे दोन विचार एकमेकांना भेटले. सौरविजेवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे सूर्य रात्री नसतो. पण शेतकऱ्याची मागणी तरी दुसरी काय होती? मला वीज दिवसा द्या, एवढीच. रुग्णालयाची वीज क्षणभरही थांबवता येत नाही. उसाची सरी मात्र आजच्या ढगाळ दिवसाऐवजी उद्या भिजली तरी चालते. जो सूर्याचा दोष मानला जात होता, तो शेतीच्या बाबतीत गुण ठरला. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी हा मुद्दा आकडेमोडीने मांडला, की शेतीच्या वेगळ्या वाहिनीला उपकेंद्राजवळच एक छोटं सौरकेंद्र जोडलं तर दिवसा वीज मिळेल, दूरवरून आणताना होणारी गळती वाचेल आणि अनुदानाचा बोजाही उतरेल. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक. २०२३ मध्ये तिचा दुसरा, बराच मोठा टप्पा आला.

त्या योजनेतली एक तरतूद मला मुळशीची आठवण करून देते. सौरकेंद्रासाठी शेतकऱ्याची जमीन कायमची काढून घेतली जात नाही, भाड्याने घेतली जाते: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. सातबारा त्याच्याच नावावर राहतो. शंभर वर्षांत विचार इतका चालून आला आहे, आणि ही चाल मला सौरपट्टीच्या कार्यक्षमतेइतकीच मोलाची वाटते.

पण पल्ला अजून लांब आहे. जिथे खाजगी जमिनीऐवजी गायरान वापरलं जातं, तिथे भाड्याचा करार कुणाशी होणार? गायरानाचा सातबारा मेंढपाळाच्या नावावर नसतो, त्याच्या शेळ्यामेंढ्यांचा चारा मात्र तिथेच असतो. ग्रामपंचायतीला अनुदान मिळतं, ते चांगलंच. पण ते ज्याची चराई गेली त्याच्यापर्यंत जाईल याची सोय वेगळी करावी लागेल. कुसळाच्या माळालाही पडीक म्हणण्यापूर्वी तिथे कोण जगतं हे विचारावं लागेल.

दुसरा प्रश्न पाण्याचा. दिवसाची वीज, तीही साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत, हे हवंच होतं असं म्हणताना विहिरीच्या तळाकडेही पाहिलं पाहिजे. रात्रीच्या विजेचा त्रास हाही उपशावरचा एक लगाम होता. तो जाचक लगाम गेला हे उत्तम झालं. त्याच्या जागी शहाणा लगाम यायला हवा. हिवरे बाजार पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मग पिकं ठरवतं. सौरवाहिनी जिथे पोहोचेल, तिथे हा ताळेबंदही पोहोचावा. नाहीतर एका अक्षय स्रोताने आपण दुसरा, क्षय होणारा स्रोत उपसून टाकू.

तिसरा प्रश्न संध्याकाळचा. सूर्य मावळतो तेव्हाच घराघरांत दिवे लागतात. दिवसाची जादा वीज साठवायची तर पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्याची युक्ती आहे. घाटघरला ती चालू आहे. २०२३ मध्ये शिरवटा आणि भिवपुरी इथल्या अशा २,८०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी राज्याने करार केला. पुन्हा तोच सह्याद्री, तेच घाटमाथे, ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी वीज दिली. या वेळी गावांना विचारण्याचा क्रम उलटा हवा: आधी ग्रामसभा, मग नकाशा.

आणि हिशेब मांडताना एक रकाना वाढवावा, असं मला मनापासून वाटतं. काकांची मोटर किती युनिट खात होती हे कुठेच मोजलं गेलं नाही. पण त्याहून मोठी गोष्टही मोजली गेली नाही. थंडीतल्या त्या रात्री, पायाखालचा विंचू, बिबट्याच्या भीतीने उसात हाळ्या देत चालणारी माणसं आणि पाय धुतल्याच्या आवाजाची वाट पाहत जागी राहिलेली काकू. ही सगळी त्या 'स्वस्त' विजेची किंमतच होती. दरपत्रकात तिला जागा नव्हती, एवढंच. दिवसाच्या विजेचा विचार पुढे आला तो ज्यांनी ही किंमत मोजली त्यांच्या आग्रहामुळे. पुढच्या प्रत्येक ऊर्जाधोरणाने आपल्या ताळेबंदात हा रकाना आधी भरावा, आणि मेगावॉटचा त्यानंतर.