हॉटेल टाकलेल्या पुतण्यास

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. जालन्यात स्टँडजवळ हॉटेलचा जम बसतोय, पाळी सुटली की रोलिंग मिलचे कामगार चहाला येतात, हे वाचून समाधान वाटलं. तू विचारतोस, आत बिडी-सिगारेट ओढू द्यावी का? नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटेल अशी तुला धास्ती आहे. माझं मत ऐक : ओढू देऊ नकोस.

मुळात परवानगी देणं तुझ्या हातात नाही. २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम यांच्या धूम्रपानबंदीत उपाहारगृहंही आली. ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे, पण लक्ष ठेवायचं काम मालकाचं. राखेची बशी, काडेपेटी काहीही पुरवायचं नाही. तेव्हा खांबाला टांगलेली ती पेटती सुतळी आधी काढ. ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा करायची मुभा निदान तीस जणांची बसायची सोय असलेल्या उपाहारगृहांनाच आहे. तुझी चार बाकडी त्यात बसत नाहीत.

पण दंडाच्या भीतीनं हे करू नकोस. तुझ्याकडे कोण कोण असतं ते बघ. ओढणारा दहा मिनिटं बसतो आणि जातो. कपबश्या विसळणाऱ्या मावशी मात्र दिवसभर तिथंच असतात. सूनबाई भट्टीपाशी उभी असते, आणि तिला दिवस गेलेत. दुसऱ्याच्या धुरानंही पोटातल्या बाळाचं वजन घटतं, हे डॉक्टर सांगतात. पंखा लावला तर धूर जात नाही, सगळ्या खोलीत पसरतो. मिलच्या भट्टीसमोर घाम गाळून आलेल्या कामगाराला तरी चहाबरोबर चांगली हवा नको का? मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २००१ ला हेच विचारात घेतलं : जो ओढत नाही, त्यानं केवळ चारचौघांत यावं लागतं म्हणून आजार का ओढवून घ्यावा?

आता गिऱ्हाइकाचं. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे ओढणारे चारही भरले नाहीत. आपल्याकडे तंबाखू खाणारेच फार, चोविसांच्या वर. ते दुखणं वेगळं आणि मोठं आहे. म्हणजे चौघांसाठी तू शहाण्णवांना खोकायला लावणार. बायका-पोरं घेऊन अंबड-घनसावंगीकडे जाणारी माणसं धूर बघून पुढच्या हॉटेलात जातात, ती तुला मोजता येत नाहीत एवढंच.

मी एसटीत कंडक्टर होतो. मागच्या बाकावर म्हातारे बिडी पेटवत. "आबा, थांब्यावर उतरून ओढा," एवढं म्हटलं की ते विझवत. त्यासाठी कुणी गाडी सोडली नाही. तूही तसंच बोल. कुणाचा अपमान करू नकोस. व्यसन लागलेला माणूस वाईट नसतो, अडकलेला असतो. आवाज चढवणारा एखादा भेटेल. त्याचा चहा गेला तरी चालेल.

सुट्या सिगारेटी ठेवणंही बंद कर. सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर २०२० मध्ये राज्यानं बंदी घातली आहे.

दारावर निदान ६० बाय ३० सेंटिमीटरचा धूम्रपानबंदीचा फलक लागतो. पेंटरकडून रंगवून घे, पैसे मी पाठवतो. वहिनींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझा,
काका