फेडीचा भरवसा

आम्हा सीमाभागातल्या माणसांच्या तोंडी एक शब्द दोन अर्थांनी वावरतो. मराठीत ‘साल’ म्हणजे वर्ष, कानडीत ‘साल’ म्हणजे कर्ज. यंदा दहावीच्या वर्गात तापत्या पृथ्वीविषयी बोलत होतो, तेव्हा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, हवेतला कार्बन ओढून घ्यायचं मशीन आलंय की! मग एवढी काळजी कशाला?”

मुलाचे म्हणणे निराधार नव्हते. आइसलंडमध्ये २०२१ साली ‘ओर्का’ नावाचा कारखाना सुरू झाला. मोठे पंखे हवा ओढतात, गाळणीत कार्बन डायऑक्साइड अडकतो. मग तो पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्याच जातभाईत, सोडतात. तेथे त्याचा दगड होतो. अमेरिकेने २०२१ च्या कायद्यात अशा चार केंद्रांसाठी ३५० कोटी डॉलर ठेवले आणि २०२२ मध्ये हवेतून काढून कायमच्या पुरलेल्या टनामागे १८० डॉलरपर्यंत करसवलत दिली. राजाश्रय मिळताच नवा उद्योग आकार घेऊ लागला.

मी फळ्यावर गणित मांडले. ओर्काची आखलेली क्षमता वर्षाला ४,००० टन. जग वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडते. म्हणजे कारखान्याची वर्षभराची मेहनत जगाच्या चार सेकंदांच्या धुरालाही पुरत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेला ‘मॅमथ’ नऊपट मोठा. त्याची वर्षभराची पूर्ण क्षमता जेमतेम अर्ध्या मिनिटाची.

मग यंत्र नकोच का? तसेही नाही. सिमेंट, विमाने, शेती यांतून निघणारा काही वायू कितीही प्रयत्न केला तरी उरणार. तो भरून काढण्यासाठी हवेतून कार्बन काढणे अटळ आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनेही २०२२ मध्ये सांगितले. प्रश्न यंत्राचा नाही, मनाचा आहे.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी दोन खोल्या बांधण्यासाठी शाळेच्या आवारातली जुनी चिंच पाडली. बदल्यात दहा रोपे लावण्याचा ठराव झाला. सही माझीच. त्यांतली आज तीन जगली आहेत. खोल्यांची गरज खरी होती. पण तो ठराव नसता, तर सही करताना माझा हात थबकला असता आणि आम्ही कदाचित दुसरी जागा शोधली असती. फेडीच्या आश्वासनाने चूक भरून निघाली नाही, ती करणे मात्र सोपे झाले.

म्हणून फेड आणि संयम यांची खाती वेगळी ठेवावीत, असे मला वाटते. युरोपीय संघाने २०२१ च्या हवामान कायद्यात याच दिशेने पाऊल टाकले. २०३० च्या उद्दिष्टात जंगले व जमीन शोषून घेतील तो वायू २२ कोटी ५० लाख टनांपलीकडे धरायचा नाही. बाकीची घट प्रत्यक्ष धूर कमी करूनच दाखवायची. ज्यांनी आधी आणि अधिक जाळले, त्यांनी आधी आणि अधिक फेडावे, हेही न्यायाचेच.

भारताने निव्वळ शून्यासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले आहे. तेव्हा तो विद्यार्थी साठीला टेकलेला असेल, मी नसेन. आमचे प्रत्येक साल त्याच्या माथ्यावर कानडीतले ‘साल’ होऊन बसू नये, एवढे तरी माझ्या पिढीच्या हाती आहे. उरलेल्या तीन रोपांना आता मी स्वतः पाणी घालतो. चिंच त्याने परत येणार नाही, हे ठाऊक असूनही.