सुनेची वही

सोलापूरच्या पूर्व भागात एक म्हातारा विणकर राहत होता. चादरी विणण्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात त्याची 40 वर्षं गेली आणि त्यातच कानही गेले. घरची बोली तेलुगू. त्याच्याशी बोलायचं तर समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश बोलावं लागे.

त्याची सून घरी बिड्या वळायची. किती बिड्या दिल्या, त्यातल्या किती नापसंत म्हणून छाट निघाल्या, सगळं लिहून ठेवायची.

एका पावसाळ्यात म्हातारा बदलला. दिवसा झोपू लागला, चालताना अडखळू लागला. एका सकाळी त्याने सुनेलाच विचारलं, ‘तू कोणाची?’

मुलगा आणि सून त्याला दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर मोठी रांग होती. तरुण डॉक्टरने कागदावरची नजर न काढता विचारलं, ‘आजोबा, आज वार कोणता?’

म्हातारा म्हणाला, ‘जेवलो.’

‘वय झालंय,’ डॉक्टर मुलाला म्हणाला. ‘हळूहळू असं होतं.’

मुलाने मान हलवली आणि बापाला उठवायला हात दिला. सून मात्र जागची हलली नाही.

‘डॉक्टर, मामांना ऐकू येत नाही. तुम्ही विचारा, मी त्यांना समोरून तेलुगूत सांगते.’

डॉक्टरने स्टूल पुढे ओढलं. प्रश्न आता म्हाताऱ्याला कळला. उत्तर तरीही चुकलं.

‘बघा,’ डॉक्टर म्हणाला.

‘खरंय. पण हे हळूहळू नाही झालं. नारळी पौर्णिमेला मामा मार्कंडेयाच्या रथाला एकटे चालत गेले होते. सुटे पैसे मोजून नारळ घेऊन आले.’

तिने वही उघडली. गुंगी कधी आली, तोल कधी गेला, जेवण कधी कमी झालं, सगळं तारखेनिशी होतं. मग तिने पिशवीतून घरातली सगळी औषधं टेबलावर ठेवली. एका डॉक्टरची रक्तदाबाची गोळी होती, दुसऱ्याची पायाच्या सुजेची. नावं वेगळी होती. डॉक्टरने पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली. दोन्हींत लघवी वाढवणारं एकच औषध होतं. रक्त तपासलं, तर सोडियम फार खाली गेलं होतं. म्हातारपणी त्याने माणूस असा गुंगीत जातो, भरकटतो.

म्हाताऱ्याला दाखल केलं. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, ‘सोडियम लवकर वाढवता येत नाही का?’

‘नाही ताई. घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.’

तिने ऐकलं. पुन्हा घाई केली नाही. रोज काय दिसलं तेवढं लिहीत राहिली.

याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली रोग्यांवर उपचार करायला चीनला गेले आणि तिथली भाषा शिकले. रोग्याचं बोलणं डॉक्टरपर्यंत पोचावं लागतं. या घरी ते सुनेने पोचवलं. आजाराचं नाव तिला ठाऊक नव्हतं, माणूस ठाऊक होता. आणि बाहेर रांग असताना स्टूल पुढे ओढणारा डॉक्टर भेटला, हेही तितकंच मोलाचं.

म्हातारा घरी निघाला, तेव्हा कुठली गोळी बंद आणि कुठली चालू, ते डॉक्टरने सुनेच्या वहीत लिहिलं. रक्त पुन्हा तपासायची तारीख घातली. कान तपासायला वेगळी चिठ्ठी दिली. आणि केसपेपरवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ऐकू येत नाही, समोर बसून बोलावे.