खिंडीच्या पलीकडची माणसें

खेळाकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आणि ज्या खेळांत पट नाहीं, सोंगट्या नाहींत, संगणकाच्या पडद्यावर चमकणारे ठिपके तेवढे आहेत, त्यांविषयीं तर वडील मंडळींच्या मनांत अनादरच अधिक असतो. परंतु खेळाचा एक गुण आम्हांस मोठा वाटतो. व्यवहारांत जो निर्णय आपण अनेक सबबींच्या पांघरुणाखालीं घेतों, तोच निर्णय खेळांत उघडा पडतो. कारण तेथें सबब ऐकावयास कोणी बसलेलें नसतें. अशाच एका निर्णयाचा विचार आज आम्हीं येथें योजिला आहे. आपल्याजवळ बळ थोडें आणि रक्षावयाचें पुष्कळ असेल, तर संरक्षणाची रेषा कोठें आखावी, आणि त्या रेषेबाहेर जे राहतील त्यांचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं, हा तो प्रश्न होय.

ताऱ्यांमध्यें साम्राज्यें उभारण्याचे जे खेळ आहेत, त्यांत पॅराडॉक्स या स्वीडिश संस्थेचा ‘स्टेलॅरिस’ हा २०१६ सालीं निघालेला खेळ पुष्कळांच्या परिचयाचा आहे. आरंभीं त्यांत एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याकडे जाण्याचे तीन प्रकार होते, आणि त्यांपैकीं दोहोंत आरमार आपल्या पल्ल्यांतील कोणत्याही ताऱ्यावर थेट उतरूं शके. शत्रु कोणत्याही दिशेनें येऊं शकतो म्हटल्यावर तटबंदीस अर्थ उरत नसे. १०१८ नव्हे, २०१८ सालच्या फेब्रुवारींत खेळाच्या कर्त्यांनीं हा नियम मुळापासून बदलला. तेव्हांपासून सर्वांस आरंभीं ठराविक वाटांनींच प्रवास करावा लागतो. या वाटांस ‘हायपरलेन’ म्हणतात. वाटा आल्या कीं नाकीं आलीं. दहा-वीस ताऱ्यांच्या मुलुखांत शिरण्यास एकाच ताऱ्यावरून वाट असावी, असे प्रसंग नकाशावर वारंवार दिसूं लागले. इंग्रजींत अशा जागेस ‘चोक पॉइंट’ म्हणतात. आपल्या भाषेंत तिला खिंड हाच शब्द शोभतो.

खिंडीचें गणित सोपें आहे. दहा ताऱ्यांवर दहा दुबळीं ठाणीं बांधण्यापेक्षां एकाच ताऱ्यावर एक बळकट ठाणें बांधावें. ठराविक विद्या हस्तगत झाली, म्हणजे त्या ठाण्यास शत्रूची वाट रोखण्याचें सामर्थ्य येतें. आलेलें आरमार आल्या वाटेनें परत जाऊं शकतें, पण ठाणें पडेपर्यंत त्यास पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. तेवढ्या अवकाशांत आपलें आरमार धांवून येतें. थोड्या खर्चांत मोठा मुलूख सुरक्षित राहतो. म्हणून कसलेला खेळाडू नकाशा उघडतांच प्रथम खिंडी शोधतो, आणि साम्राज्याचा विस्तारही खिंडीपर्यंत पोंचून तेथें थांबेल अशा बेतानें करतो.

परंतु विस्तार बेताबरहुकूम क्वचितच होतो. खिंडीच्या पलीकडे एखादा सुपीक ग्रह असतो; ठाणें बांधण्यापूर्वींच तेथें आपली वसाहत झालेली असते. मग युद्ध येतें. आमच्याच एका डावांत असें झालें. आम्हीं सर्व द्रव्य खिंडींतल्या ठाण्यावर ओतलें, आरमार तिच्या आंत उभें केलें, आणि पलीकडचा ग्रह शत्रूच्या हवालीं केला. ठाणें टिकलें, साम्राज्य वांचलें. मात्र त्या ग्रहावरील वस्तीचा आंकडा महिन्यामागून महिना उतरत जाऊन अखेर शून्यावर आला. कारण या खेळांत कांहीं राज्यें अशीं असतात कीं, तीं जिंकलेल्या प्रजेस भक्ष्य समजतात. डाव आम्हीं जिंकला. तरी तो उतरता आंकडा पुष्कळ दिवस आमच्या डोळ्यांपुढून हालला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, आंकडा तो आंकडा. तेथें माणसें कोठें होतीं? हें खरें आहे, आणि त्या ठिपक्यांसाठीं अश्रु ढाळावे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रश्न ठिपक्यांचा नसून आमच्या मनाचा आहे. तो ग्रह सोडतांना आम्हांस निर्णय घेतल्यासारखेंही वाटलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस बोचते. खिंड नकाशावर आधींच होती. रेषा जणूं सृष्टीनेंच आखून ठेविली होती. आम्हीं केवळ तिचा उपयोग केला. खिंडीचा खरा मोह हाच होय. ती आपल्या निवडीस भूगोलाचें रूप देते. जे बाहेर राहिले ते आपण ठेविल्यामुळें राहिले हें मग मनास आठवत नाहीं. ते मुळापासूनच बाहेरचे होते असें वाटूं लागतें.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जो सर्व कांहीं राखूं पाहतो तो कांहींच राखूं शकत नाहीं. मग ज्याचें बळ थोडें, त्यानें कांहींतरी सोडल्याशिवाय गत्यंतर काय? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. रेषा आंखावीच लागते. परंतु रेषा आंखणें आणि रेषेबाहेरच्यांस विसरणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि इतिहासांत त्या दोहोंचा भेद स्पष्ट दाखविणारीं उदाहरणें आहेत.

इसवी सनापूर्वीं ४८० या वर्षीं इराणच्या बादशहाची सेना थर्मापिलीची खिंड फोडून ग्रीस देशांत उतरली. अथेन्सच्या लोकांनीं शहर सोडलें. मागें तें जाळलें गेलें. त्या वेळीं दक्षिणेकडील पेलोपोनीस प्रांताच्या लोकांनीं कॉरिंथच्या चिंचोळ्या संयोगभूमीवर आडवी भिंत घालण्यास आरंभ केला. भूगोलाच्या दृष्टीनें ती खिंड उत्तम होती; दोहों बाजूंस समुद्र, मध्यें अवघ्या सहा-सात किलोमीटरांची जमीन. अथेन्स मात्र भिंतीबाहेर राहत होतें. परंतु ग्रीकांच्या आरमाराचा सर्वांत मोठा वांटा अथेन्सकरांचाच होता. ते रुसून निघून गेले असते किंवा शत्रूस मिळाले असते, तर इराणी जहाजें भिंतीस वळसा घालून हव्या त्या किनाऱ्यास लागलीं असतीं. भिंत कितीही बळकट असली तरी अथेन्सच्या आरमारावांचून ती निरुपयोगी ठरली असती, असा स्पष्ट अभिप्राय हिरोडोटसनें नमूद केला आहे. जे बाहेर ठेवावयाचे होते, त्यांच्याच बळावर आंतले सुरक्षित होते!

‘स्टेलॅरिस’मध्येंही हाच धडा उशिरानें मिळतो. पुढच्या काळांत वाटांवांचून उडी मारून जाणारीं यंत्रें साध्य होतात, आणि मग वर्षानुवर्षें पोसलेली खिंड एका उडींत निरर्थक होते. त्या दिवशीं भिंत कामास येत नाहीं. स्नेही आणि मोकळें आरमार हींच कामास येतात. ज्यानें खिंडीवर विसंबून दोहोंची हेळसांड केली असेल, त्यास तो दिवस जड जातो.

खिंड म्हटली कीं मराठी मनास १६६० सालची घोडखिंड आठवल्यावांचून राहत नाहीं. परंतु त्या प्रसंगाचें मर्म आपण नीट ध्यानांत घेतों कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. बाजीप्रभु देशपांड्यांनीं जी खिंड अडविली, तिच्या आड त्यांस स्वतः सुरक्षित बसावयाचें नव्हतें. शिवाजी महाराज विशाळगडास पोंचेपर्यंतचा वेळ त्यांस हवा होता, आणि तो त्यांनीं आपल्या प्राणांनीं विकत घेतला. तेथें खिंडीच्या तोंडाशीं उभा राहणारा स्वतःच संकटांत होता. सुरक्षितता दुसऱ्यासाठीं होती. आम्हीं मात्र आमच्या डावांत संकट पलीकडच्यांस दिलें आणि सुरक्षितता स्वतःकडे ठेविली. जागा तीच, कृति तीच, तरी नीति अगदीं उलट.

यावरून आम्हांस एवढें म्हणावेंसें वाटतें. खिंड अडविण्यांत पाप नाहीं. दुबळ्याचें तें न्याय्य शस्त्र आहे. पण ती अडविण्यापूर्वीं पलीकडच्यांस आंत घेण्यास आपण वाट मोकळी ठेविली होती काय, आणि अडविल्यानंतर मिळालेला वेळ त्यांच्या सुटकेसाठीं वापरला काय, हे दोन प्रश्न ज्यानें त्यानें स्वतःस विचारले पाहिजेत. खेळांतही त्यास जागा आहे: शत्रूनें हांकलून दिलेल्या लोकांस आपल्या राज्यांत थारा द्यावा कीं देऊं नये, याचें धोरण खेळणाऱ्यासच ठरवावें लागतें. आम्हीं तें कलम आजवर वाचल्यासारखें करून पुढें जात होतों.

घराघरांतही अशा खिंडी असतात. महागाईच्या वर्षीं, आजाराच्या काळीं, कुटुंब आपली रेषा कोठेंतरी आंखतें, आणि कोणी दूरचा आप्त, कोणी जुना नोकर पलीकडे राहतो. कदाचित् राहणें अपरिहार्यही असेल. परंतु त्यास आपण पलीकडे ठेविलें आहे, तो मुळचा पलीकडचा नव्हे, एवढें जरी स्मरणांत राहिलें, तरी दिवस पालटल्यावर दार उघडण्यास हात पुढें होईल.