दुव्याची किंमत

मराठीत ‘दुवा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दोन गोष्टींना जोडणारी कडी हा एक, आणि अरबीतून आलेला ‘आशीर्वाद’ हा दुसरा. वेबच्या पहिल्या काही वर्षांत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होते. एका पानाच्या लेखकाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला, तर त्यामागे ‘हेही वाचण्यासारखे आहे’ एवढाच भाव असे. त्यातून देणाऱ्याला काही मिळत नसे आणि ज्याला दिला त्याला ते कळेलच असेही नसे. गूगल या कंपनीचा उदय या फुकट दिलेल्या दुव्यांच्या मोजणीतून झाला, आणि मोजणी सुरू झाल्यावर दुवे फुकट राहिले नाहीत. गेल्या पाव शतकात वेबचे जे रूपांतर झाले त्याची अनेक कारणे सांगितली जातात, परंतु त्यांपैकी बहुतेकांची मुळे या एका व्यवहारापर्यंत पोहोचतात.

त्याआधीची स्थिती पाहिली, तर १९९४ मध्ये सुरू झालेली याहूची सूची माणसे हाताने तयार करीत, ग्रंथालयातल्या विषयवार तालिकेसारखी; आणि १९९५ च्या अल्टाव्हिस्टासारखी शोधयंत्रे, म्हणजे वेबवरची पाने आपोआप गोळा करून त्यांतले शब्द धुंडाळणाऱ्या प्रणाली, मुख्यतः पानावर कोणता शब्द कुठे आणि किती वेळा आला हे पाहत. सूचीला वेबच्या वाढीचा वेग झेपला नाही, आणि शब्द मोजणाऱ्या यंत्राला फसवणे फारच सोपे होते, कारण हवा तो शब्द पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शंभरदा लिहून ठेवला की काम भागे. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याला जो पर्याय मांडला, तो पान स्वतःविषयी काय म्हणते याऐवजी इतर पाने त्याच्याविषयी काय म्हणतात हे विचारण्याचा होता. विज्ञानातील शोधनिबंधाचे मोल त्याला इतरांनी दिलेल्या संदर्भांवरून ठरवण्याची पद्धत यूजीन गारफील्ड यांनी काही दशके आधीच रुजवली होती. त्याच धर्तीवर, ज्या पानाकडे अनेक दुवे येतात ते महत्त्वाचे, आणि महत्त्वाच्या पानाकडून आलेला दुवा अधिक वजनाचा, असे हे गणित होते. पेज यांच्या नावावरून त्याला ‘पेजरँक’ म्हणतात. त्या वेळी त्यांच्या प्रायोगिक यंत्रात सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती.

या गणिताच्या पोटात एक काल्पनिक वाचक दडलेला आहे आणि त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. निबंधात त्याचे वर्णन यदृच्छेने भटकणारा असे येते. तो एका पानावरच्या कोणत्याही दुव्यावरून पुढच्या पानावर जातो, तिथून आणखी पुढे, कधी मागे वळत नाही, आणि मधूनच कंटाळला की सगळे सोडून भलत्याच पानावर जाऊन पुन्हा भटकू लागतो. कंटाळ्यालासुद्धा सूत्रात जागा होती. पुढे चालत राहण्याची शक्यता साधारण ०.८५ धरलेली होती. असा भटक्या ज्या पानावर अधिक वेळा येऊन पोहोचेल ते पान मोठे. १९९८ मध्ये हे चित्र फारसे काल्पनिक नव्हते, कारण लोक खरोखरच असे वाचत. एकाच्या पानावरच्या ‘आवडती स्थळे’ या यादीतून दुसऱ्याकडे, त्याच्या यादीतून तिसऱ्याकडे जात. गूगलचे शोधनिकाल इतके सरस निघाले की या भटक्याची गरजच उरली नाही. काही हवे असेल तर रिकाम्या चौकटीत शब्द टाइप करायचा, पहिल्या तीन-चार निकालांपैकी एक उघडायचा, काम झाले की परत चौकटीकडे यायचे, ही सवय जगभर लागली. ज्या वाचकाच्या पावलांवरून वाटांचे मोल ठरवले जात होते, तो वाचक चालायचाच थांबला. आणि मग वाटा कोणासाठी बांधायच्या, या प्रश्नाचे उत्तर ‘मोजणाऱ्यासाठी’ असे झाले.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले मोजमाप राहत नाही, अशा रूपात तो सहसा सांगितला जातो. न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर दुवा ही उत्स्फूर्त साक्ष होती, तोवर तिला किंमत होती. त्या साक्षीवर निकाल फिरतो हे उघड होताच पढवलेले साक्षीदार उभे राहिले. दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, केवळ एकमेकांना दुवे देण्यासाठी शेकडो पोकळ स्थळे बांधली गेली, आणि कोणाच्याही लेखाखालच्या अभिप्रायांत औषधांच्या दुकानांचे पत्ते येऊन पडू लागले. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून दुव्याला चिकटवण्याची एक खूण मान्य केली, जिचा अर्थ ‘हा दुवा मोजू नका’ असा होता. दोनच वर्षांनी इंग्रजी विकिपीडियाने बाहेर जाणाऱ्या आपल्या सगळ्या दुव्यांना ती खूण लावली. जगातल्या सर्वांत मोठ्या ज्ञानकोशाला, त्याच्या संपादकांनी निवडून दिलेले संदर्भ शोधयंत्राने मोजू नयेत अशी विनंती करावी लागली, कारण मोजले जातात म्हणूनच खोटे संदर्भ घुसत होते. या घटनेची त्या वेळी तांत्रिक बाब म्हणून थोडीफार चर्चा झाली, पण एका वाचनसंस्कृतीच्या इतिहासात तिला याहून मोठी जागा मिळायला हवी.

दुसरा धागा पैशाचा आहे. १९९८ च्या त्याच निबंधाच्या परिशिष्टात ब्रिन आणि पेज यांनी, जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल, असे स्पष्ट नोंदवले होते. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्या कंपनीने शोधलेल्या शब्दाशी जोडलेल्या जाहिराती विकण्याची ‘ॲडवर्ड्स’ ही व्यवस्था आणली, २००३ मध्ये ‘ॲडसेन्स’द्वारे त्याच जाहिराती इतरांच्या पानांवर लावून उत्पन्न वाटून घेण्याची सोय केली, आणि २००८ मध्ये जाहिरातींच्या जागांची देवघेव सांभाळणारी डबलक्लिक ही कंपनी ३.१ अब्ज डॉलरना घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. यांपैकी ॲडसेन्सने वेबचा पोत सर्वांत अधिक बदलला. पान लिहायचे, गूगलने वाचक पाठवायचा, त्याच वाचकाला गूगलचीच जाहिरात दाखवायची आणि तिचा वाटा लेखकाला मिळायचा, असा फेरा जुळल्यावर पान हे सांगण्याचे साधन न राहता पेरण्याचे बियाणे झाले. लोक काय शोधतात याचा अंदाज घेऊन त्यावर स्वस्तात आणि घाऊक लेख पाडणाऱ्या उद्योगाला इंग्रजीत ‘मजकुराची शेती’ अशा अर्थाचे नाव पडले. त्यातली ठळक कंपनी, डिमांड मीडिया, जानेवारी २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. पुढच्याच महिन्यात गूगलने ‘पांडा’ या नावाने ओळखला जाणारा बदल करून अशा पानांना खाली ढकलले. ज्याच्या पाण्यावर हे तण वाढले त्यानेच ते उपटले, आणि उपटताना किती चांगली रोपे हाती आली याचा हिशेब बाहेरच्या कोणाला मागता आला नाही.

या सगळ्याचा ठसा एखाद्या साध्या पानावर कसा उमटतो हे पाहायचे, तर पुरणपोळीची कृती उघडावी. हवे असते ते इतकेच की हरभऱ्याच्या डाळीला गूळ किती, कणीक किती सैल, पुरण कधी उतरवायचे. पान मात्र ‘पुरणपोळी म्हणजे काय?’ या मथळ्याने सुरू होते, जणू पुरणपोळी करायला निघालेल्या माणसाला ते ठाऊकच नसावे. त्याखाली होळीचे महत्त्व, त्याखाली डाळीतील प्रथिने, मग एक जाहिरात, मग ‘पुरणपोळी किती दिवस टिकते?’, ‘पुरणपोळी मऊ का होत नाही?’ अशी प्रश्नोत्तरे, आणि अंगठा दुखेपर्यंत सरकवल्यावर कुठेतरी साहित्याची यादी. लांब लिहिल्याने क्रम वर जातो असे गूगल सांगत नाही, किंबहुना निव्वळ शब्दसंख्येला महत्त्व नाही असेच त्याचे प्रतिनिधी सांगत आले आहेत. पण परीक्षकाची गुणपद्धती गुप्त असली की ‘अपेक्षित प्रश्नसंच’ खपतात, हे महाराष्ट्रातल्या दहावीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. शोधनिकालात वर येण्यासाठी पान घडवण्याची जी विद्या ‘एसईओ’ या नावाने चालते, ती बव्हंशी असल्या प्रश्नसंचांचीच विद्या आहे, आणि पुरवण्या जोडल्याने गुण वाढतात हा समज तिच्यातूनही गेलेला नाही.

मराठीपुरते पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे आणि निव्वळ तक्रारीचे नाही. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींतली अक्षरे संगणकात साठवण्याची सामाईक पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःच्या खासगी फाँटांवर चालत. डोळ्यांना ‘पुणे’ दिसे, पण संगणकात त्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक माळ साठवलेली असे. असा मजकूर शोधयंत्राच्या लेखी मराठी नव्हताच, आणि म्हणून त्या काळातल्या कितीतरी बातम्या व लेख छापील अंकांच्या गठ्ठ्यांपेक्षाही दुर्लभ झाले. युनिकोडकडे वळण्यामागे ‘गूगलला दिसले पाहिजे’ ही निकड मोठी होती, आणि तिचा मराठीला निखळ लाभ झाला. पैशाच्या बाजूने मात्र भाषांची रांग होती. ॲडसेन्सने हिंदीला डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता दिली आणि मराठीला त्यानंतरही काही वर्षे वाट पाहावी लागली. तोवर मराठीत लिहिणाऱ्याला अधिकृतपणे या उत्पन्नाचा रस्ता खुला नव्हता. आज मराठी बातम्यांच्या अनेक स्थळांवर एक विलक्षण रचना दिसते. मथळ्याच्या सुरुवातीला रोमन लिपीतले दोन-तीन इंग्रजी शब्द, गावाचे किंवा नटाचे नाव आणि ‘न्यूज’ किंवा ‘अपडेट’, पुढे विसर्गासारखी दोन टिंबे, आणि त्यानंतर मराठी वाक्य, ज्याचा शेवट ‘जाणून घ्या’ने होतो. ते पहिले शब्द वाचकासाठी नसतात, कारण तो तर मराठीच वाचणार असतो. मराठी माणूस शोधताना रोमन अक्षरे टाइप करतो म्हणून ते यंत्रासाठी ठेवलेले असतात. एकाच ओळीत दोन लिपी, दोन श्रोते, आणि मान पहिल्याला.

या सत्तेला आव्हान का मिळत नाही, याचे उत्तर वापरणाऱ्यांची पसंती एवढेच असते तर प्रश्न सोपा होता. अमेरिकी न्याय खात्याने २०२० मध्ये दाखल केलेल्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी, गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली, असा निष्कर्ष काढला. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, हे त्या खटल्यात उघड झाले. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे, लोक कोणत्या निकालावर बोट ठेवतात याची जी माहिती गूगलकडे १३ महिन्यांत जमते, तेवढी जमवायला मायक्रोसॉफ्टच्या बिंगला १७ वर्षांहून अधिक काळ लागेल, असे न्यायालयाने नोंदवले. साक्षीचा आधार आता दुव्यावरून वाचकाच्या बोटाकडे सरकला आहे. आणि दुवे निदान वेबवर सर्वांसमोर असत, बोटांची नोंद मात्र एकाच घरात राहते. सप्टेंबर २०२५ च्या निवाड्यात क्रोम ब्राउझर विकण्याची सक्ती झाली नाही, पण एकाधिकाराचे करार बंद करण्यास आणि या माहितीचा काही भाग स्पर्धकांना देण्यास सांगितले गेले. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये ठोठावलेला २.४२ अब्ज युरोंचा दंड आणि भारतीय स्पर्धा आयोगाचा २०१८ मधील १३५.८६ कोटी रुपयांचा दंड, हे दोन्ही शोधाच्या पानावर स्वतःच्याच सेवांना झुकते माप दिल्याबद्दल होते. त्याआधीच, वाचकाला स्वतःच्या निवडीची स्थळे थेट वाचू देणारी ‘गूगल रीडर’ ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. तिचे वापरकर्ते कंपनीच्या मानाने थोडे होते, तरी शोधाच्या चौकटीला वळसा घालून वाचण्याची ती एक रुळलेली वाट होती, आणि ती बुजवणारा हात त्याच चौकटीच्या मालकाचा होता.

ज्या अलिखित करारावर ही सगळी इमारत उभी होती, तो १९९४ चा आहे. संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबॉट्स’ नावाची एक लहानशी फाइल ठेवून, यंत्राने कोणती पाने वाचावीत आणि कोणती नाहीत, हे मालकाने सांगायचे आणि यंत्राने सौजन्य म्हणून पाळायचे, असा तो संकेत. वाचू देण्याचा मोबदला उघड होता. यंत्र वाचते आणि त्या बदल्यात माणसे पाठवते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी भारतातही शोधनिकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर दिसू लागले, तेव्हा या व्यवहारातली दुसरी बाजू ढिली झाली, कारण अनेक पाने वाचून तयार झालेला परिच्छेद तिथेच मिळाल्यावर त्या पानांपर्यंत जाण्याचे कारण पुष्कळदा उरत नाही. प्रकाशकाला गूगलच्या भाषाप्रतिमानांच्या प्रशिक्षणासाठी आपला मजकूर नाकारण्याची खूण २०२३ मध्ये मिळाली, परंतु शोधपानावरच्या या उत्तरांना ती लागू होत नाही. त्यांतून बाहेर पडायचे तर शोधनिकालातला स्वतःचा सारांशही गमवावा लागतो, किंवा शोधातूनच नाहीसे व्हावे लागते. भारतात वृत्तपत्रांच्या डिजिटल प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता, तो जाहिरातींच्या उत्पन्नाच्या वाटणीबाबत होता. वाचकच न येण्याचा प्रश्न तेव्हा इतक्या उघडपणे समोर आलेला नव्हता.

पुरणपोळीचा प्रश्न आता विचारला, तर डाळ आणि गुळाचे प्रमाण पहिल्याच ओळीत मिळण्याची शक्यता आहे, होळीचे महत्त्व आणि प्रथिने ओलांडून जाण्याचा त्रास नाही, आणि हे सुखच आहे हे मान्य करायला हवे. ते प्रमाण कोणाच्या तरी स्वयंपाकघरात चुकत-माकत ठरलेले असते. उत्तरातल्या वाक्याच्या शेवटी, लक्ष देऊन पाहिले तर दिसेल असे, साखळीच्या कडीचे एक बारीक करडे चिन्ह असते, आणि बोट ठेवले तर त्या स्वयंपाकघराचे नाव उघडते.