कवीला शिक्षा आणि वाचकाचे बळ

नाशिक रोडहून देवळालीमार्गे भगूर अगदी जवळ आहे. तिथे १८७९ साली जन्मलेले गणेश दामोदर सावरकर, म्हणजे बाबाराव, यांना जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम दिला. बाबाराव 'अभिनव भारत' या गुप्त क्रांतिकारी संघटनेचे प्रमुख कार्यकर्ते होते हे खरे. पण खटला उभा राहिला तो 'लघु अभिनव भारत माला' या छोट्याशा काव्यपुस्तिकेवर. त्या काळातल्या नाशिकच्या क्रांतिगीतांमागे प्रामुख्याने गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे कवी गोविंद, यांची लेखणी होती. त्यांचे पाय लहानपणीच अधू झाले होते. त्यांची कवने मात्र गावभर फिरत. काव्यपुस्तिकेसाठी अंदमान वाट्याला आले ते प्रकाशक असलेल्या बाबारावांच्या. अटकेपासून सुटकेपर्यंत बाबारावांची तेरा वर्षे बंदिवासात गेली. १९२१ साली त्यांना भारतात परत आणले आणि प्रकृती पार ढासळल्यावर १९२२ मध्ये सोडले. तोवर त्यांच्या पत्नी येसूवहिनी १९१९ सालीच वारल्या होत्या. पतीची भेट पुन्हा झालीच नाही. छापलेल्या कवितेची एवढी किंमत वसूल करणे न्याय्य होते का, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही विचारावा लागतो, कारण तो एका माणसापुरता नाही.

अशी शिक्षा देणारे इंग्रज एकटेच नव्हते. युक्रेनचा कवी तारास शेवचेंको भूदासाच्या घरात जन्मला. १८३८ साली त्याच्या चाहत्यांनी अडीच हजार रूबल मोजून त्याची मोकळीक विकत घेतली. नऊ वर्षांनी, १८४७ मध्ये, झार निकोलसच्या पोलिसांना त्याच्या कविता सापडल्या आणि त्याला साधा शिपाई करून साम्राज्याच्या दूरच्या सीमेवर धाडण्यात आले. लिहायचे नाही, चित्र काढायचे नाही, असा हुकूम खुद्द झारने दिला होता. तिथे त्याने बुटात लपवता येतील अशा चिमुकल्या वह्यांतून कविता लिहिल्या. दहा वर्षांनी सुटका झाली आणि १८६१ मध्ये तो वारला. त्याच देशाचा कवी वासिल स्तुस १९८५ साली सोव्हिएत छळछावणीत मेला. झारशाही आणि सोव्हिएत सत्ता एकमेकींच्या वैरी, तरी कवीचे काय करायचे याबाबत दोघींचे उत्तर एकच निघाले: माणूस उचलायचा आणि त्याच्या भाषेपासून, वाचकांपासून दूर नेऊन ठेवायचा. अंदमानचा हिशेबही हाच होता.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. नाशिकच्या त्या कविता काही चंद्र-ताऱ्यांच्या नव्हत्या. देवांची आणि शिवाजी महाराजांची नावे घेऊन त्या युद्धाची हाक देत होत्या. नोव्हेंबर १९०९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाबारावांचे अपील फेटाळले, तेव्हा न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकरांनी त्या कवितांचा नेमका हाच अर्थ लावला. चंदावरकर प्रार्थना समाजाचे नेते, या मातीतले सुधारक. त्यांना कवितेचा अर्थ कळला नाही असे म्हणता येणार नाही. आक्षेपातला हा भाग मान्य करायलाच हवा. कवींना आपण निरुपद्रवी ठरवून सोडवू पाहतो, पण त्यात कवितेचाच अपमान आहे. शब्दात बळ असते, आणि बळ असते तिथे जबाबदारीही असते.

मात्र अर्थ बरोबर लावला म्हणून शिक्षाही बरोबर ठरत नाही. आदल्याच वर्षी, १९०८ साली, 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना राजद्रोहाबद्दल एकोणीस महिने आणि लोकमान्य टिळकांना सहा वर्षे झाली होती. त्या शिक्षाही अन्यायाच्याच, पण निदान त्यांना शेवट होता. बाबारावांच्या बाबतीत न्यायालयाने अप्रीतीच्या पलीकडे जाऊन राजाविरुद्ध युद्धाला चिथावणी दिल्याचे कलम लावले. कवितेतली तलवार आणि हातातली तलवार यांत एक माणूस उभा असतो. तो ऐकतो, विचार करतो, पटवून घेतो किंवा नाकारतो. त्या निकालात हा माणूसच गाळला गेला. प्रजा म्हणजे ठिणगी पडताच पेटणारा पेंढा, असे गृहीत धरले की प्रत्येक कवी आग लावणारा ठरतो आणि मग कुठलीच शिक्षा जास्त वाटत नाही.

आणि या शिक्षेने साधले काय? बाबारावांना सत्र न्यायालयाकडे पाठवणारे कलेक्टर जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने गोळ्या घालून खून केला. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते; त्यांच्याच निरोपासाठी 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. बाबारावांच्या शिक्षेचा सूड हे या कृत्यामागचे कारण होते. पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे हे तिघे तरुण फासावर गेले. नि:शस्त्र माणसाला मारणे कुठल्याही सूडाने समर्थनीय ठरत नाही. पण कविता रोखल्याने रक्तपात टळेल हा सरकारचा दावा नाशिकमध्येच सहा महिन्यांत कोसळला, हेही तितकेच खरे. शब्दाला शब्दाने उत्तर द्यायची वाट बंद केली, तेव्हा काहींना पिस्तुलाचीच वाट उरल्यासारखे वाटले.

मग शब्द मोजायचा कशाने? याचे एक चांगले उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितले की लिखाणाचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने जोखावा. प्रत्येक विरोधी मतात संकट पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरते मर्यादित केले. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा आधार घेतला तो नागपूरच्या याच मापाचा. हे माप केवळ कायद्याचे नाही, नीतीचेही आहे. कवीला किती मोकळीक द्यायची हे ठरवताना आपण स्वतःला किती खंबीर समजतो, हेच आपण सांगत असतो.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. तेव्हा पुस्तिका हातोहात जायची. आता एक ओळ मोबाइलवरून क्षणात हजारोंपर्यंत पोचते आणि जमाव रस्त्यावर येतो. मग जुने माप कसे चालेल? धोका खरा आहे. अमुक वस्तीवर चालून जा, अमुक माणसाला मारा, असे सांगणारा मजकूर यमकात बसवला म्हणून कविता होत नाही आणि त्याला संरक्षणही नको. पण वेग वाढला म्हणून हिंसेची थेट हाक आणि सत्तेवरचा संताप यांतला फरक पुसला जात नाही. उलट, तक्रार नोंदवण्याचा वेगही तितकाच वाढला आहे. आज एका कवीविरुद्ध देशाच्या दुसऱ्या टोकाला गुन्हा दाखल करता येतो, आणि न्यायालयाच्या फेऱ्या हीच निकालाआधीची शिक्षा होते.

तिसरा आक्षेप सहसा मोठ्याने बोलला जात नाही. सावरकर हे नाव उच्चारताच ऐकणारे दोन बाजूंना वाटले जातात. धाकटे बंधू विनायकराव यांनी अंदमानात कागद-पेन्सिलीवाचून 'कमला' हे काव्य रचले आणि मुखोद्गत ठेवले. त्यांच्या पुढच्या राजकारणावरून आजही कडाक्याचे वाद होतात. ते वाद जरूर व्हावेत. पण ते राजकारण पटत नाही म्हणून १९०९ ची शिक्षा न्याय्य वाटू लागली, तर आपण तत्त्व सोडून पक्ष धरला. आणि काळ्या पाण्याच्या आठवणीने ज्याचे डोळे भरून येतात, त्याने आपल्या श्रद्धेवर घाव घालणाऱ्या कवीच्या अटकेवर टाळी वाजवली, तर त्यानेही तेच केले. दोन्हीकडे जपला जातो तो आपला माणूस. तत्त्व तेवढे वाऱ्यावर सुटते.

म्हणून छळलेल्या कवीचा आदर म्हणजे त्याच्या जयंतीला हार घालणे नव्हे. मेलेल्या कवीचा गौरव करायला धैर्य लागत नाही. शेवचेंकोच्या नावाचा तर सोव्हिएत सत्तेनेही उदोउदो केला, आणि त्याच सत्तेने स्तुसला मरू दिले. खरा आदर जिवंत कवीच्या बाबतीत कळतो, तोही जो आपल्याला झोंबतो त्याच्या बाबतीत. त्याचे वाचावे, चुकत असेल तर लिहून खोडावे, सभेत उत्तर द्यावे, नाही पटले तर पुस्तक मिटावे. हे सगळे नागरिकाच्या हातात आहे आणि त्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. आपण असे खंबीर वाचक झालो, तर कवीला हद्दपार करायला कुठल्याही सरकारला लोकांचे पाठबळ मिळणार नाही.