ऐकणाऱ्याची नम्रता

समजा, एक प्रौढ गृहिणी समुपदेशकाकडे येते. म्हणते, "जीव घाबरा होतो. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. आणि हल्ली पूजेतही मन लागत नाही." समुपदेशक झोप, भूक, थकवा यांची नोंद करतो, निदान लिहितो. पूजेचे वाक्य मात्र कागदावर येत नाही. तिच्या दृष्टीने खरे दुःख तेच असते. ज्या देवापाशी आजवर मन मोकळे केले, तिथेच आता काही वाटेनासे झाले आहे! आपणच सांगा, तिचे कोणी ऐकले का?

मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी १९९८ साली 'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती शिकून कोणी तिच्यात पारंगत होत नाही. उपचार करणाऱ्याने जन्मभर स्वतःला तपासावे आणि आपल्या खुर्चीतली सत्ता ओळखावी, असा तिचा आशय. आत्मपरीक्षणाची सवय असलेल्या आपल्याला हे परके वाटू नये.

आता एक अवघड प्रसंग घ्या. वसतिगृहातला एक विद्यार्थी सांगतो, "आडनाव कळल्यापासून मित्र माझ्यासोबत जेवायला बसत नाहीत." समुपदेशक म्हणतो, "तू फार मनाला लावून घेतोस." त्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्याला कधी आडनाव लपवावे लागले नाही, त्याने दुसऱ्याच्या जखमेचे माप ठरवले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारात जात, धर्म, लिंग, लैंगिक कल यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. असे वाक्य मात्र कायद्याच्या हाती लागत नाही.

आपणही यातून सुटलेले नाही. कोणी दुःख घेऊन आला की आपल्या तोंडून चटकन निघते, "नामस्मरण करा, सगळं ठीक होईल." एखाद्याला त्याने खरोखर आधार मिळतो. पण ज्याच्या ओठांवर नामच येईनासे झाले आहे, त्याच्या अपराधीपणात आपण भर घालतो.

मग समोरचा जे मानतो ते सगळे मान्य करायचे का? नाही. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना बरे वाटेल या श्रद्धेनेच घरच्यांनी तिथे आणले होते. ती श्रद्धा समजून घ्यावी. पण साखळी दिसत असताना 'ही त्यांची रीत' म्हणून गप्प बसणे ही भीती झाली, नम्रता नव्हे.

त्या गृहिणीकडे परत येऊ. औषध लागेल तर ते जरूर द्यावे. पण आधी तिला विचारावे, "हा दगड कधीपासून आहे? कशामुळे आला असं तुम्हाला वाटतं? पूर्वी पूजेला बसल्यावर काय वाटायचं?" आणि ती बोलू लागली की मध्ये बोलू नये.